लांबू, बुटका आणि उलटं बदक

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजवर सतरा जणांना सांगून झाली. सोळा जण हसले आणि सतराव्यानं डॉक्टरला फोन लावला. तरीही ती अक्षरन् अक्षर खरी आहे. माणसाच्या पेशींमधला एक असा घोळ, ज्यापुढे शिकलेल्या माणसांनी हात टेकले, तो एका बाईनं सोडवला. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता की पदवी नव्हती. तिच्याकडे होत्या विणकामाच्या दोन सुया, आणि नवऱ्यावरचा ताजा राग.

१

इमारत तीन मजली होती. वरच्या मजल्यावर पेशींची प्रयोगशाळा आणि खाली भांडार. भांडार काकूंच्या ताब्यात होतं. हातमोजे, बश्या, चिमटे, झाकणं, जे काही वर जाई ते काकूंच्या हातून जाई. पेशींमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. पण कोण काय मागायला आलं आणि मागताना कुठे बघत होतं, एवढ्यावरून कुणाचं काय बिनसलंय ते त्यांना बरोबर समजे.

त्या दिवशी काकू सकाळपासूनच धुसफुसत होत्या. कारण अर्थातच नवरा. हे गृहस्थ त्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला होते, म्हणून सगळे त्यांना काचवाला म्हणत. (खरं सांगायचं तर सबंध इमारतीत इतका देखणा आणि बुद्धिमान माणूस दुसरा नव्हता. पण त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.) काकूंनी महिनाभर खपून त्याच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला होता. मधोमध जाड वेणी आणि डाव्या छातीवर पिवळं बदक. पहाटेच्या अंधारात काचवाल्यानं तो डोक्यातून घातला आणि कामावर निघून आला. काकू साडेनऊला आल्या तेव्हा जिन्यात दोघांची गाठ पडली. स्वेटर उलटा होता. आतले दोरे बाहेर लोंबत होते आणि बदक उजवीकडे जाऊन बसलं होतं.

"अहो, बदकानं घर बदललं," काकू म्हणाल्या.

"पाण्याच्या बाजूला गेलं असेल," असं म्हणून काचवाला शिट्टी वाजवत वर गेला.

अर्ध्या तासानं, दहाच्या ठोक्याला, वरच्या मजल्यावरून किंकाळी ऐकू आली. इतकी मोठी, की भांडारातल्या काचेच्या नळ्या किणकिणल्या. काकूंच्या हातातला हातमोज्यांचा खोका पडला. तो तसाच टाकून त्या जिना चढल्या.

वर टेबलापाशी धाकटी उभी होती. प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान संशोधक, म्हणून धाकटी. दोन्ही हात डोक्यावर, समोर पाण्यानं भरलेली एक निळी तबकडी, आणि तबकडीत पोस्टकार्डाएवढा एक ओला पांढरा पडदा.

"काकू, संपलं," ती म्हणाली. "तीन वर्षं पाण्यात गेली. सगळं उलटं आलंय!"

२

तोवर बाई आल्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या मागून उंटदादा आला. तो सर्वांत जुना संशोधक, मान पुढे काढून चालणारा, आणि धाकटीच्या शोधाला पहिल्या दिवसापासून 'हवेतले मनोरे' म्हणणारा.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता तुझा शोधनिबंध तपासणारे पाहुणे येणार आहेत. त्यांना तिसरा पुरावा हवा होता. हा आला तिसरा पुरावा."

"बाई, पुन्हा करते ना."

"कशानं करणार? हृदयाच्या पेशींचा रस होता तेवढा संपला. हृदयाची ती एकच बशी उरलीय, तिच्यात परत पुरेशा पेशी वाढायला सहा महिने लागतील. पाहुणे सहा महिने खुर्चीवर बसून राहतील का?" बाई कठोर नव्हत्या, पण खोटं चालवून घेणाऱ्याही नव्हत्या. "साडेतीनपर्यंत वाट बघते. तोवर काही उलगडलं नाही, तर मी तुझा निबंध मागे घेतेय. आणि तुझं टेबल दादाकडे जाईल."

बाई खोलीत गेल्या. उंटदादा खिडकीतून बाहेर बघू लागला. धाकटी स्टुलावर मटकन बसली.

काकूंनी पदर खोचला, दुसरं स्टूल ओढलं आणि पिशवीतून लोकर काढली. "पोरी, आता रड आवर आणि मला सांग. पण सावकाश. मी दोन सुलट, दोन उलट विणणारी बाई आहे."

"काकू, आपल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. यकृतात तीच, हृदयात तीच. मग यकृत हृदयासारखं धडधडत का नाही?"

"का नाही?"

"कारण कुठलं जनुक चालू करायचं आणि कुठलं बंद, हे ठरवणारी प्रथिनं असतात. पुस्तकात त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी मुकादम म्हणते. मुकादम सांगेल तसं पेशी काम करते."

"बरं. मग तुझ्या मुकादमानं काय केलं?"

"माझ्या मुकादमाची दोन रूपं आहेत. आयसोफॉर्म. एकाच जनुकातून बनतात, पण एकात एक तुकडा जास्त असतो, दुसऱ्यात तो गाळलेला असतो. एक लांबू, एक बुटका."

काकूंच्या सुया थांबल्या. "म्हणजे नमुना एकच. एकाला बाह्या विणल्या, एकाला नाही विणल्या."

धाकटी रडता रडता हसली. "तसंच! आणि माझा शोध असा, की यकृतात फक्त लांबू असतो. हृदयात फक्त बुटका. मूत्रपिंडात दोघंही, जोडीनं. जसं अवयवाचं काम, तसा त्याचा मुकादम. दोनदा हेच आलं, काकू. दोनदा! आणि आज बघा."

तिनं कसं केलं तेही सांगितलं. तिन्ही पेशींचा रस काढायचा, जेलीच्या वडीत शेजारशेजारच्या खाचांत भरायचा आणि वीज सोडायची. बुटका सुळकन खाली पळतो, लांबू वरच रेंगाळतो. मग सगळं जसंच्या तसं पांढऱ्या पडद्यावर उतरवायचं, ठसा घ्यावा तसं. हे काल संध्याकाळी झालं. पडदा रात्रभर पाण्यात ठेवला. आज सकाळी नऊ वाजता त्यावर रंग ओतला आणि दहा वाजता रेषा उमटल्या.

काकू तबकडीवर वाकल्या. दोन्ही कडांना मापाच्या रेषा होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, अगदी सारख्या.

"या दोन शिड्या कशाला?"

"एक पुरते. पण दोन्हीकडे असली की छान दिसतं."

शिड्यांच्या मध्ये तीन रांगा. डावी यकृताची, मधली मूत्रपिंडाची, उजवी हृदयाची. यकृताच्या रांगेत रेषा खाली होती, म्हणजे बुटका. हृदयाच्या रांगेत वर, म्हणजे लांबू. आणि मधल्या रांगेत दोघंही, आपले शहाण्यासारखे, जिथल्या तिथे.

"भरताना डावं-उजवं झालं नाही ना तुझं?"

"बाई स्वतः शेजारी उभ्या होत्या. एकेका नळीवरचं नाव मोठ्यानं वाचत होत्या."

"आणि बशीतच अदलाबदल?"

धाकटीनं हृदयाच्या पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काकूंनी डोळा लावला आणि 'अगंबाई' म्हणाल्या. इवल्याइवल्या पेशी एका तालात आकसत होत्या, सुटत होत्या. (त्या ठोक्यांनी शेजारच्या खोलीत चहा हिंदकळत असे. नसेल पटत तर राहू दे.)

"हे तर हृदयच," काकू पुटपुटल्या. "बशी बरोबर, भरणं बरोबर. मग घोळ भरल्यानंतरचा."

"घोळ नाहीच, काकू. बाई म्हणतात तेच खरं. माझा शोधच चुकीचा."

"चुकीचा असता तर कसाही विस्कटला असता. हा नेमका उलटा आलाय, आणि मधल्याला धक्का नाही. चूक इतकी टापटीप नसते, बाळ. अजून काही वेगळं दिसतंय का तुला?"

धाकटी डोळे बारीक करून बघत राहिली. "रेषा जरा फिक्या आहेत. आणि..." ती थबकली. "काकू, ही तबकडी माझी नाही. माझी पांढरी होती!"

३

निळ्या तबकड्या भांडारात नव्या आलेल्या होत्या. त्यातली एकच अजून बाहेर पडली होती, आणि ती कुणाला दिली हे काकूंना पक्कं आठवत होतं.

उंटदादा खालच्या पायरीवर बसून चहा घेत होता. काकू त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विणू लागल्या. दोन ओळी झाल्या तरी बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या काकूंपुढे भले भले घाबरत.

"मी पडद्याला हात लावला नाही," उंटदादा आपणहून म्हणाला.

"मी कुठे विचारलं?"

"नाही, पण तुम्ही विचाराल."

"मी वेगळंच विचारणार होते. काल संध्याकाळी माझ्याकडून निळी तबकडी नेलीस ती कुठे आहे?"

उंटदादाची मान आणखी पुढे आली. कपातला चहा बशीत सांडला.

"दादा," काकू हळूच म्हणाल्या, "तुझं तिच्याशी पटत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. तिचं टेबल तुला मिळणार, हेही आता माहीत झालंय. तू बोलला नाहीस तर लोक जे समजायचं ते समजतील."

"समजू दे!" तो उसळला. मग एकदम निवला. "काकू, सकाळी आठला आलो. तिच्या तबकडीला चीर गेली होती. पाणी गळून गेलेलं. पडदा वाळायला लागला होता. वाळला असता तर कायमचा गेला असता. माझी नवी तबकडी होती, तिच्यात पाणी भरलं, पडदा चिमट्यानं उचलला आणि तिच्यात ठेवला. झालं. एवढंच."

"म्हणजे तू तो वाचवलास?"

"हळू बोला! तीन वर्षं मी तिला चारचौघांत वेडी म्हणतोय. आता कुठल्या तोंडानं सांगू की मी तिचा पडदा वाचवला?"

काकूंना हसू आवरेना. पण सुया थांबल्या होत्या. "उचलताना तो उलटा तर पडला नाही ना?"

"चिमट्यातून सुटला, दोन गिरक्या खाल्ल्या, हे खरं. पण काकू, पंधरा वर्षं हेच करतोय मी. पडदा उलटा पडू शकतो म्हणून तर आम्ही त्याचा एक कोपरा आधीच कापून ठेवतो, वरचा डावा. कापलेला कोपरा डावीकडे आला की पडदा सुलटा. मी बघितलं. कापलेला कोपरा वर डावीकडे होता. माझ्या आईची शपथ."

काकू पुन्हा वर गेल्या, तबकडीपाशी. वरचा डावा कोपरा खरंच कापलेला होता. धाकटीनंही रंग ओतण्याआधी तो पाहिला होता. म्हणजे पडदा सुलटाच होता.

आता उरलं काय?

४

उरला काचवाला. सकाळी सातला प्रयोगशाळा उघडायची ती त्यानंच.

भांडी धुवायच्या खोलीत काकू गेल्या तेव्हा सव्वातीन झाले होते. ती खोली बघण्यासारखी होती. बाटल्या उंचीप्रमाणे, खांद्याला खांदा लावून उभ्या. फडक्यांच्या घड्या अशा, की कोपऱ्यावर कोपरा. साबणाची वडीसुद्धा झिजून वाकडी झाली की काचवाला सुरीनं तासून चौकोनी करी. पाहुणे येणार म्हणून आज तर त्यानं भिंतीवरचं वेळापत्रकही कडेनं कातरून सरळ केलं होतं.

"अहो, सकाळी वर काय पाहिलंत?"

"मी? काही नाही. मी काय पाहणार? मी तर बाटल्या धुतल्या. आधी मोठ्या, मग लहान, मग..."

"बाटल्यांचं नाही विचारलं. तिच्या टेबलावर?"

"तिथे एक पांढरी तबकडी होती. त्यात तो पडदा. कोपरा असा वाकडातिकडा कापलेला, बघवत नव्हतं अगदी. पाहुणे यायच्या दिवशी असं ठेवतात का कुणी?"

"मग?"

"मग काय? मग बाटल्या धुतल्या." काचवाल्यानं जोरात नळ सोडला. "आणि एक उंदीर पाहिला. मोठा होता."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. संसाराची बारा वर्षं झाली होती. त्या नजरेचं काचवाल्याला पाठांतर होतं. पण काकू उंदराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तो स्वेटर काढा आधी. पाहुण्यांसमोर दोरे लोंबवत फिरणार का?"

त्यांनी स्वेटर त्याच्या डोक्यातून ओढून काढला, हात आत घालून सुलटा केला आणि समोर धरला. बदक उजवीकडचं डावीकडे आलं. पिवळा रंग, जो इतका वेळ फिका दिसत होता, तो झळझळीत झाला. मधली वेणी मात्र मधेच राहिली.

काकू स्वेटर तसाच हवेत धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" काचवाल्यानं विचारलं.

"वेणी हलली नाही," काकू म्हणाल्या.

"वेणी कशाला हलेल?"

"डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. मधलं तिथेच. आणि रंग फिका." काकूंचा आवाज बारीक झाला. "पण बदक डावीकडे दिसलं म्हणजे स्वेटर सुलटा. आणि पडद्याचं बदक, तो कापलेला कोपरा, तर डावीकडेच आहे. मग..." त्यांनी एकदम वर पाहिलं. "अहो, या स्वेटरवर दोन्ही बाजूंना एकेक बदक असतं तर? उलटा आहे की सुलटा, कुणी सांगितलं असतं?"

काचवाल्याच्या हातातली बाटली साबणाच्या पाण्यात बुडाली आणि बुडबुडे आले.

काकू जिन्याकडे धावल्या. दोन पायऱ्या एकदम. वयाच्या पन्नासाव्या वर्षी.

५

साडेतीन वाजले तेव्हा बाईंच्या टेबलावर पत्र तयार होतं आणि पेनाचं टोपण निघालेलं होतं. त्यात पाहुणे वेळेआधी आले. एक उंच चष्मेवाल्या प्राध्यापिका आणि एक टकले गृहस्थ, ज्यांना 'पुरावा' या शब्दाखेरीज दुसरा शब्द येत नसावा.

"पुरावा?" ते आत येताच म्हणाले.

धाकटीनं मान खाली घातली. बाईंनी पेन उचललं.

"एक मिनिट," दारातून आवाज आला. काकू उभ्या होत्या. एका हातात निळी तबकडी, दुसऱ्या हातात स्वेटर, खांद्यावर लोकरीची पिशवी.

"या कोण?" टकल्या पाहुण्यांनी विचारलं.

"आमच्या भांडाराच्या काकू," बाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी पेन खाली ठेवलं.

काकूंनी तबकडी टेबलावर ठेवली. "साहेब, यात तीन रांगा आहेत. पहिलीत जे हवं ते तिसरीत आहे, तिसरीतलं पहिलीत. मधली जिथल्या तिथे. रेषा फिक्या. आता हा आमच्या ह्यांचा स्वेटर बघा." त्यांनी स्वेटर उलटा करून धरला. "बदक गेलं पलीकडे, वेणी तिथेच, रंग फिका. घरच्या बायकांनी हे बघून एका शब्दात सांगितलं असतं, की उलटा घातलाय."

"पण कोपरा!" उंटदादा आणि धाकटी एकदमच ओरडले. "कापलेला कोपरा डावीकडेच आहे!"

"आहे. सगळ्यांनी डावा कोपरा बघितला. कापलेला दिसला, सगळ्यांचं समाधान झालं. आता मला सांगा, उजव्या कोपऱ्याकडे कुणी बघितलंय?"

पाच डोकी एकाच वेळी तबकडीवर वाकली. दोन एकमेकांवर आपटली. वरचा उजवा कोपराही कापलेला होता. तिरकाच, तेवढाच, पण किंचित नागमोडी.



"मी एकच कापला होता," धाकटी कुजबुजली.

"माहीत आहे. तू एक कापलास. नंतर कुणीतरी दुसरा कापला, जोडीला जोड म्हणून. आता पडदा उलटा पडला तरी कापलेला कोपरा डावीकडे दिसणारच. दोन बदकांचा स्वेटर झाला तो."

"छान तर्क आहे," चष्मेवाल्या प्राध्यापिका म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते, पण त्या पटकन हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पण कुठला कोपरा हिचा आणि कुठला त्या दुसऱ्याचा, हे कसं ठरवणार? नाहीतर सोयीचं ते म्हणता येईल."

"पुरावा," टकले पाहुणे म्हणाले.

काकू धाकटीकडे वळल्या. "पोरी, तू कापलेल्या कोपऱ्याचा तुकडा काय करतेस?"

धाकटीच्या तोंडाचा आ झाला. मग ती पळाली. परत आली तेव्हा हातात तिची वही होती. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर, तारखेशेजारी, एकेक पांढरा तिकोनी तुकडा चिकटवलेला होता. लहान मुलाचे पडलेले दात जपून ठेवावेत तसे तिनं ते तीन वर्षं जपले होते. सगळे तिला यावरून चिडवत. उंटदादा तर सर्वांत जास्त.

"काल कापताना हात थरथरत होता," ती म्हणाली. "आजची काळजी होती ना. म्हणून नागमोडी कापला गेला."

चष्मेवाल्या प्राध्यापिकांनी स्वतः चिमटा घेतला. कालचा तुकडा पानावरून हलकेच सोडवला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला लावला. बसेना. तिथला काप सरळ होता, पट्टीनं आखल्यासारखा. उजव्या कोपऱ्याला लावला. नागमोडीत नागमोड अशी बसली, की सांधाच दिसेना.

"म्हणजे हा उजवीकडचा कोपरा मुळात डावीकडचा," त्या सावकाश म्हणाल्या, आणि चिमट्यानं पडदा धरून उलटवला.

पाणी थेंब थेंब गळलं. पडदा परत तबकडीत पसरला. रेषा काळ्याभोर होत्या, इतका वेळ त्या पाठीमागून दिसत होत्या म्हणून फिक्या होत्या. डावीकडे यकृताची रांग, रेषा वर. लांबू. मध्ये दोघं जोडीनं. उजवीकडे हृदयाची रांग, रेषा खाली.

"बुटका!" धाकटी किंचाळली. ही दिवसातली दुसरी किंकाळी. खालच्या नळ्या पुन्हा किणकिणल्या.

बाईंनी पत्राचे चार तुकडे केले, मग आठ केले, मग ते धाकटीच्या डोक्यावर उधळले. टकल्या पाहुण्यांनी चक्क दुसरा शब्द उच्चारला. "वा!" ते म्हणाले. मग त्यांनी काकूंना विचारलं, की असा स्वेटर आपल्या मापाचा मिळेल का.

"आणि तबकडी कुणी बदलली?" बाईंनी विचारलं.

उंटदादा दाराच्या दिशेनं सरकू लागला होता. काकूंनी त्याचा कोट धरला. "यानं. हिची फुटकी होती. पडदा वाळून मेला असता, यानं पाणी पाजून जगवला. ठेवताना उलटा पडला, पण कोपरा बघूनच ठेवला होता बिचाऱ्यानं."

धाकटीनं उंटदादाकडे बघितलं. "दादा? तू?"

"आता त्यावर तीन वर्षं चिडवू नकोस," तो मानेपर्यंत लाल होऊन म्हणाला. "पडद्याची तेवढी दया आली. तुझी नाही." धाकटीनं त्याला अशी मिठी मारली, की त्याची मान आयुष्यात पहिल्यांदा सरळ झाली.

६

"पण मग तो दुसरा कोपरा कुणी कापला?"

हा प्रश्न चष्मेवाल्या प्राध्यापिकांनी विचारला. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सुया हातात घेतल्या, लोकर बोटाला गुंडाळली, एक टाका घातला आणि मग सगळ्यांना उत्तर दिलं.

"उंदीर," त्या म्हणाल्या. "मी त्याचं बीळ स्वतः पाहून आले."

आणि तो उंदीर साधासुधा नव्हता, बरं का. मांजराएवढा होता. पाहुणे येणार हे त्याला कळलं होतं. पहाटे तो टेबलावर चढला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पडद्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि एका बाजूचा कोपरा गेलेला पाहून त्याच्या जिवाला चैन पडेना. मग त्यानं दुसऱ्या बाजूचा कोपरा दातांनी असा कुरतडला, असा सरळ कुरतडला, की...

इथवर येऊन म्हाताऱ्यानं गोष्ट क्षणभर थांबवली आणि चहाचा घोट घेतला. खोलीत बसलेली मंडळी कान टवकारून ऐकत होती. ज्या धाकटीच्या सत्कारासाठी सगळे जमले होते, ती आता स्वतःच केस पिकलेली बाई झाली होती आणि सगळ्यांत पुढे बसली होती. म्हाताऱ्यापुढच्या ताटलीत बिस्किटं होती. बोलता बोलता त्यानं ती एका ओळीत लावून टाकली होती, आणि एक कोपरा तुटलेलं बिस्कीट दिसलं तेव्हा त्याचा दुसराही कोपरा नखानं अलगद तोडला होता.

"...की पट्टीनं आखल्यासारखा," म्हाताऱ्यानं वाक्य पुरं केलं. "पंचेचाळीस अंशात! मंडळी, तो उंदीर पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीतून सुयांचा आवाज येत होता. तो थांबला.

"अहो, खोटं!" काकू मोठ्यानं म्हणाल्या. "मी तेव्हा कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. तो तिकोनी तुकडा आणि नखं कापायची कात्री मला त्याच संध्याकाळी तुमच्या खिशात सापडली. कात्री बाळगणारा तो उंदीर मी तेव्हापासून तीस वर्षं दोन्ही वेळा जेवू घालतेय!"